गोरा हात

त्या काळी आमच्या भागात शिबिर हा शब्द ऐकला की बापे माणसं मागच्या दारानं शेतात निघून जात. सरकारनं तोवर भरवलेली शिबिरं कुटुंबनियोजनाची होती. तिथून परत येणाऱ्याच्या हातात एक नवी बादली असे, आणि तो तिथं काय ठेवून आला हे सगळ्या गावाला माहीत असे. त्यामुळे मी, म्हणजे पंचायत समितीत नुकताच चिकटलेला कनिष्ठ लिपिक, सायकलवरून गावोगाव फिरून "हात-पाय गमावलेल्यांसाठी शिबिर आहे, फुकट हात-पाय मिळणार आहेत" असं सांगू लागलो, तेव्हा लोकांनी त्यातला शिबिर एवढाच शब्द ऐकला. एका वस्तीवर एक पाय नसलेला गृहस्थ कुबडीवर उड्या मारत ज्वारीत असा शिरला की दोन पायांच्या मला तो दिवस मावळेपर्यंत सापडला नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा हिवाळा होता. नगरच्या एका सेवाभावी मंडळानं कृत्रिम हात-पाय मोफत वाटायचं ठरवलं होतं. मंडळात कापडाचे व्यापारी होते, वकील होते, दोन-तीन डॉक्टर होते. प्रमुख पाहुणे ठरले होते, मांडव ठरला होता, फोटोग्राफरला सुपारी दिली होती. हात-पाय नसलेली माणसं तेवढी कमी पडत होती. ती पुरवायचं काम मंडळाकडून जिल्ह्याकडे गेलं, जिल्ह्याकडून तालुक्याकडे आलं, आणि उतार संपल्यावर पाणी साचतं तसं माझ्या टेबलावर येऊन साचलं. आमच्या वाट्याला दहा माणसं होती. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत दहा अपंग पाहिजेत. नसतील तर तयार करा, असं ते म्हणाले नाहीत. पण त्यांच्या आवाजात ते होतं.

खरं तर अशी माणसं आमच्याकडे कमी नव्हती. विहिरीचे सुरुंग होते, उसाचे चरक होते, बैलगाडीची चाकं होती, आणि नवीनच आलेली, इंजिनावर चालणारी कडबाकुट्टीची यंत्रं होती. पण पाय गेलेला माणूस ओट्यावर बसत असे आणि हात गेलेला माणूस घरात बसत असे, आणि बसलेल्या माणसाची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नसे. लाकडी पाय करून घ्यायचा तर पुणं नाहीतर मुंबई गाठावी लागे. आधी कर्जतला यायचं, तिथून नगरची एसटी धरायची, तिथून पुढं. ज्याला पाय नाही त्यानं एवढं चालत-चढत जायचं आणि पाय आणायचा, अशी ती सोय होती.

मी मात्र मनापासून फिरलो. माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो होतो, सरकारी नोकरी लागली होती, आणि ह्या देशानं माझ्यासाठी एवढं केलं तर मी दहा माणसं गोळा करू नयेत काय, असं मला अगदी खरोखर वाटत होतं. आजही वाटतं. नऊ माणसं मी जमवली. दहावे मामा.

मामा माझे सख्खे मामा नव्हते. ते सगळ्या बाजाराचेच मामा होते. आमच्या गावापासून दोन कोसांवर शनिवारी गुरांचा बाजार भरे. घोडेगावच्या बाजारापुढं तो म्हणजे अंगणच. पण आमच्यासाठी तेवढाच होता. त्या बाजारात मामा तीस वर्षं बैलांचे दलाल होते. पांढरा पटका, कानात अत्तराचा बोळा, खांद्यावर धुतलेलं उपरणं. बाजाराच्या मधोमध एक लिंब होता. त्याच्या सावलीत दलालांचे सौदे होत, आणि त्या सावलीतली बुंध्याजवळची जागा मामांची होती.

सौदा कसा होतो हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बैल विकणाऱ्याचा एक दलाल असतो, घेणाऱ्याचा एक. दोघं समोरासमोर उभे राहतात, उजवे हात पुढं करतात, आणि त्यावर उपरणं टाकतात. कापडाखाली एक दुसऱ्याची बोटं धरतो. एक बोट म्हणजे शंभर, सगळा पंजा म्हणजे पाचशे, पेरावर दाबलं की दहा. तोंडानं कुणी काही बोलत नाही. चेहरे असे असतात की जणू दोघंही पावसाचा विचार करताहेत. विकणारा शेतकरी बाजूला बैलाचं दावं धरून उभा असतो आणि कापडाकडं बघत असतो. थोड्या वेळानं उपरणं निघतं, दलाल म्हणतो, जमलं. मग प्रत्येक दलाल आपापल्या माणसाला भाव सांगतो. दोघं एकच भाव सांगतात की नाही, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

माझा मामांशी संबंध असा की माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वडिलांनी बैलजोडी विकली, ती मामांच्या हातून. मामांनी जोडीला चांगला भाव आणला आणि चार माणसांत मोठ्यानं सांगितलं, पोरगं शिकतंय, मी दलाली घेनार न्हाई. वडील त्या दिवसापासून मामांना लांबून दिसले तरी राम राम घालत. मीही मानत होतो की माझी पदवी मामांच्या बोटांवर उभी आहे.

ती बोटं शिबिराच्या आधीच्या पावसाळ्यात कडबाकुट्टीत गेली. उजवा हात मनगटाच्या वर चार बोटं जागा सोडून कापावा लागला. जखम बरी झाली, मामा उठून बसले, जेवू लागले, डाव्या हातानं पटकाही बांधू लागले. पण बाजारात त्यांच्या जागी त्यांचा मेहुणा उभा राहू लागला. मेहुणा चाळिशीचा, बोटं भेंडीसारखी, आणि कापडाखाली कुणी नुसतं खाजवलं तरी तो पन्नास वाढवत असे. मामा शनिवारी बाजारात जात आणि मेहुण्यानं सौदा करेपर्यंत बैलांची दावी धरून उभे राहत. तीस वर्षं ज्यानं बोटांनी बाजार चालवला, तो आता दावं धरणारा झाला होता. मेहुण्यानं ती जागा आपली म्हणून सांगायला अजून सुरुवात केली नव्हती. पण दिवाळीनंतर त्यानं लिंबाखाली स्वतःचं घोंगडं टाकलं होतं.

मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा मामांनी एकच प्रश्न विचारला.

"बीए, त्या हाताची बोटं हालत्यात का?"

मी म्हणालो, विज्ञान फार पुढं गेलंय. हे मी एका मासिकात वाचलं होतं.

"हालत आसतील तर येतो. न्हाईतर मला शोभंचं काय करायचंय?"

मी सांगितलं, हलत असणार. हे मी कुठंच वाचलं नव्हतं.

अर्जात रकाने होते. नाव, जात, उत्पन्न, कोणता अवयव, उजवा की डावा, आणि वर्ण: गोरा की सावळा. ह्या हातानं माणसाला काय करायचं आहे, हे विचारायला जागाच नव्हती. मी माझ्या इमानदारीनं कागदाच्या मागं लिहिलं, की अर्जदाराचा व्यवसाय बोटांचा असून बोटं स्वतंत्रपणे हलणं आवश्यक आहे. शुद्ध मराठीत, सुवाच्य अक्षरात. त्या कागदाची मागची बाजू कुणी उलटून पाहिली असेल असं मला वाटत नाही. पुढच्या बाजूवर वर्ण सावळा अशी खूण मी स्वतः केली होती, तीही कुणी पाहिली नाही.

मापं घ्यायला एकदा नगरला जाणं झालं आणि दीड महिन्यानं वाटपाचा समारंभ झाला. मांडवात सतरंजीवर एका बाजूला माणसं बसली होती आणि समोर टेबलांवर त्यांचे हात-पाय मांडले होते, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या बांधून. पाहुण्यांच्या भाषणाला पाऊण तास लागला. तेवढा वेळ माणसं आपापल्या पायाकडं बघत बसली. पाहुणे म्हणाले, आज तुम्ही स्वतःच्या पायावर उभे राहणार. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आदी त्यो द्या तरी."

मामांचा हात त्यांच्या हातात आला तेव्हा आम्ही दोघांनीही तो उलटसुलट करून पाहिला. हात सुरेख होता. नखं कोरलेली, रेषा काढलेल्या. रंग इतका गोरा, गुलाबीसर, की आमच्या अख्ख्या तालुक्यात तसा हात असलेला माणूस मला आठवेना. बोटं थोडी वाकलेली, अंगठा त्यांच्याकडं झुकलेला, जणू न दिसणारा पेला धरलाय. आणि ती तशीच राहणार होती.

हात बसवणारा कारागीर दमलेला, खरा माणूस होता. सकाळपासून तो एकटाच पट्टे आवळत होता. मी विचारल्यावर त्यानं डोकं वर न करता सांगितलं, हा दिसायला आहे, कामाला नाही. कामाचा हात म्हणजे लोखंडी आकडा, पट्ट्यानं उघडतो-मिटतो. तो मुंबईला मिळतो, पण तिथं राहून तीन-चार महिने शिकावं लागतं. आणि हा पट्टा महिनाभरानं सैल पडेल, तेव्हा पुन्हा येऊन बसवून घ्या. मी विचारलं, कुठं येऊ? तो म्हणाला, इथंच. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. मांडववाले खांब उपटायला लागले होते.

समारंभात पुनर्वसनाचंही एक टेबल होतं. तिथं एक साहेब प्रत्येकाला नवा धंदा सुचवत होते. मामांना त्यांनी वेताच्या खुर्च्या विणायला सांगितलं, सहा महिन्यांचा वर्ग आहे म्हणाले.

मामांनी फार आदरानं विचारलं, "सायेब, खुर्ची इनायला किती हात लागत्यात?"

साहेबांनी विचार केला आणि ते म्हणाले, मग खडू करा.

येताना एसटीत मामा खिडकीशी बसले होते. नवा हात मांडीवर ठेवला होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चांगला हाय. सायबाचा हात हाय. सायबाचा हात काम करत न्हाई, नुसता दिसतो." मी खाली मान घालून बसलो. त्या हातावर माझी सही होती.

तरीही पुढच्या शनिवारी मामा तो हात घालून, वर फुल बाह्यांचा सदरा घालून बाजारात गेले. मीही गेलो. बाजारानं हाताचं स्वागत जसं करायचं तसंच केलं. कुणी विचारलं, मामा, हात सासुरवाडीचा का? कुणी म्हणालं, एवढ्या गोऱ्या हाताला उन्हात आणू नका, काळा पडंल. मामा सगळ्यांना हसून उत्तर देत लिंबाखाली गेले, आणि मेहुण्याचं घोंगडं पायानं बाजूला सारून आपल्या जागेवर उभे राहिले.

समोर पलीकडच्या गावचा एक जाडा दलाल होता. मामांच्या बरोबरीचा, तीस वर्षांची ओळख. एक तांबडा खोंड विकायला आला होता, मामा विकणाऱ्याच्या बाजूनं. उपरणं पडलं. जाड्या दलालानं कापडाखाली हात घातला. सगळे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी दिसलं, जे त्या जागी कधी दिसत नसे. त्यानं हात बाहेर काढला आणि उपरण्याला पुसला.

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "मी काय बोललो ते तुला कळलंच न्हाई. आनी तू काय बोललास ते मला कळंना. ह्यो हात मुका बी हाय आनी भैरा बी."

मामांनी उजवा मागं घेऊन डावा हात पुढं केला. तेव्हा दलाल दोन पावलं मागं सरला. डाव्या हातानं बैलाचा सौदा कुणी केला नव्हता. "त्या हातानं तू काय करतोस ते साऱ्या बाजाराला ठावं हाय," तो म्हणाला, आणि दलाल हसले. मेहुणाही हसला. त्यानं वाकून घोंगडं पुन्हा पसरायला घेतलं.

मला वाटतं ते घोंगडं पाहूनच मामांचं डोकं फिरलं. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि तोंडानं, साऱ्या लिंबाखाली ऐकू जाईल असं म्हणाले:

"चारशे वीस. तुजा काय आकडा हाय, बोल."

एखाद्यानं भर पंगतीत धोतर सोडावं तसे दलाल त्यांच्याकडं बघू लागले. जाड्या दलालाच्या मागं त्याचं गिऱ्हाईक उभं होतं, एक कोपरगावकडचा बागायतदार. तो सरळ म्हणाला, द्या, मी तर साडेचारशेची तयारी ठेवून आलो होतो, माझा दलालच म्हणत होता की त्याखाली मिळणार नाही. जाड्या दलालानं वर लिंबाच्या शेंड्याकडं पाहिलं.

खोंड विकणारा शेतकरी दावं धरून होता तो पुढं आला. त्यानं आपल्या बैलाचा भाव जन्मात पहिल्यांदा ठरताना ऐकला होता. "आत्ता गं," तो म्हणाला, "म्हंजे हे आसं आसतं व्हय?"

पुढच्या शनिवारी मामांपुढं रांग होती. त्याच्या पुढच्या शनिवारी लोक दुसऱ्या तालुक्यातून आले. मामा उभे राहून खणखणीत आवाजात भाव पुकारत, घेणारा तोंडानं उत्तर देई, आणि बाकीचे बघणारे मान डोलवत. काही धीट शेतकरी दुसऱ्या दलालांच्या कापडाकडं बोट करून विचारू लागले, तुमचं काय चाललंय तेवढं जरा मोठ्यानं बोला की. मी भारावून गेलो. सरकारचा हात कुचकामी निघाला होता खरा, पण त्याच्या कुचकामीपणातून केवढं काम झालं होतं. मी रात्रंदिवस खपून आठ पानांचा अहवाल लिहिला. उघड बोलीमुळे शेतकऱ्याचा कसा फायदा होतो, प्रत्येक बाजारात ती कशी सक्तीची करावी, वगैरे. साहेबांनी तो वजन केल्यासारखा हातात घेतला आणि म्हणाले, तुम्हाला हाताचा अहवाल मागितला होता, बाजाराचा नाही. मग त्यावर दप्तरी दाखल असा शेरा मारला.

चौथ्या शनिवारी मी पोचलो तेव्हा लिंबाखाली दलालांची बैठक बसली होती. सगळे होते, जाडा दलाल मध्ये, मेहुणा कडेला. मामा जरा लांब, बैलगाडीच्या जुवावर बसले होते. बैठकीत काय झालं ते मला नंतर चहावाल्यानं सांगितलं. प्रश्न फार बिकट होता. मामाला बोलू द्यावं तर सगळ्यांचा धंदा जाणार, आणि बोलू नको म्हणावं तर त्याला कापडाखाली घ्यावं लागणार. मामाचा उजवा तर नाहीच. मग एकाला आठवलं की त्याच्या आजोळी कुणीतरी डाव्या हातानं खंडोबाची तळी उचलली होती आणि देव कोपला नव्हता. दुसरा म्हणाला, देवानंच उजवा नेला म्हणल्यावर त्याचा डावा तोच उजवा. एवढा शास्त्रार्थ झाल्यावर जाड्या दलालानं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली.

तेवढं मी डोळ्यांनी पाहिलं. सगळे उठून मामांपाशी गेले. त्यांनी मामांचा डावा हात पुढं घेतला, त्यावर खंडोबाचा भंडारा टाकला, आणि तो हात उजवा झाला. सरकारला, मंडळाला आणि विज्ञानाला मिळून जे जमलं नव्हतं ते चिमूटभर हळदीनं जमलं. जाड्या दलालानं मामांना आपल्या डबीतली तंबाखू दिली. मेहुण्यानं न सांगता घोंगडं गुंडाळलं.

आणि मामांनी उपरणं टाकलं.

त्या दिवशी रांगेत उभे असलेले शेतकरी थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांना कळलं, आणि ते सवयीप्रमाणं दावं धरून बाजूला सरकले.

बाजार उठल्यावर मी मामांना गाठलं. माझा आवाज चढला होता. शिकलेल्या माणसाचा चढतो तसा. मी म्हणालो, मामा, लोकांना भाव ऐकू येत होता, तुम्ही तो पुन्हा झाकला. तुमच्यापाशी रांग लागत होती. कशासाठी केलंत हे?

मामा डाव्या हातानं सावकाश चुना मळत होते. तंबाखू गोऱ्या हाताच्या वाकलेल्या तळव्यात ठेवली होती.

"बीए," ते म्हणाले, "तीन शनिवार एका बी दलालानं माझ्याशी तंबाखू खाल्ली न्हाई. रांगेतली मानसं भाव घेत्यात आनी घरी जात्यात. मला तिथं लिंबाखाली ऱ्हायचंय."

चिमूट दाढेखाली धरून ते पुढं म्हणाले, "आनी बोलून मिळती ती दलाली. कापडाखाली मिळतो त्यो धंदा. तुज्या बापाच्या जोडीत मी साठ काढलं. दलाली घेतली न्हाई, ते बी खरं हाय."

हे त्यांनी कबुली देतात तसं सांगितलं नाही. नव्या उमेदवाराला धंद्यातली एखादी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. माझ्यावर त्यांचा लोभ होता म्हणूनच सांगितलं असणार.

घरी गेलो आणि वडिलांना सांगितलं. वडील ओट्यावर दोरी वळत बसले होते. मला वाटलं, ते हादरतील. त्यांनी दोरीचा पीळ तपासला.

"साठ म्हनला व्हय?" ते म्हणाले. "मला पन्नासचा अंदाज हुता."

मी विचारलं, मग अजून राम राम कशाला घालता?

"दुसऱ्यानं शंभर काढलं आसतं," वडील म्हणाले, आणि पुन्हा दोरी वळू लागले. माझ्या बी.ए.ला मी फार जपतो. पण त्या विषयाचा एकही पेपर मला नव्हता.

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. खडी फोडायची कामं निघाली, चारा संपला, आणि शनिवारी बाजारात बैलांची रीघ लागली. आमच्याकडची आणि पूर्वेकडच्या, आमच्याहून कोरड्या गावांतली माणसं बरगड्या मोजता येतील अशी जनावरं घेऊन येत आणि मिळेल त्या भावात देऊन जात. दलालांना उसंत नव्हती. मामा पुन्हा पहिल्यासारखे बुंध्याशी उभे असत, आणि त्यांचा डावा हात आता उजव्याइतकाच बोलका झाला होता असं सगळे म्हणत.

त्याच हंगामात जिल्ह्यावरून एक साहेब शिबिराच्या लाभार्थ्यांची पाहणी करायला आले. पायवाल्यांपैकी दोघांनी पाय सणासुदीसाठी पेटीत ठेवले होते, एकाचा पट्टा तुटला होता आणि नवा कुठं मिळतो हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्वारीत पळालेल्या गृहस्थाला पायच मिळाला नव्हता, पण यादीत तो होता. साहेबांचा चेहरा पडत चालला होता. मग मी त्यांना शनिवारच्या बाजारात नेलं.

मामांचा पट्टाही मागंच तुटला होता. पण गावच्या चांभारानं बैलाच्या गळपट्ट्याचं कातडं घालून तो असा पक्का केला होता की मूळ कारागिरानं पाहून शिकावं. लिंबाखाली सौदा चालू होता. वारा सुटला होता, त्या वर्षी तो सुटलेलाच असे, आणि बाकीच्या दलालांची उपरणी उडत होती. मामांचं मात्र उडत नव्हतं. कापडाखाली त्यांचा डावा हात होता, आणि वर तो गोरा हात, वाकलेल्या बोटांत आणि अंगठ्यात उपरण्याचा काठ घट्ट दाबून बसला होता. त्याची बोटं जशी घडवली होती तशी त्या कामासाठीच घडवली असावीत असं वाटत होतं.

साहेब हरखले. "हा हात रोजच्या व्यवसायात वापरतात?"

मी म्हणालो, दर शनिवारी, साहेब.

"उत्तम," ते म्हणाले, आणि त्यांनी फॉर्म माझ्याकडं दिला. अवयव वापरात आहे काय? मी होय लिहिलं. पुनर्वसन झाले काय? मी पुन्हा होय लिहिलं. दोन्ही उत्तरं खरी होती, आणि मी खोटं कधी लिहीत नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारा शेतकरी दोन वाळलेल्या बैलांची दावी धरून उभा होता. त्याच्याच बैलांचा सौदा चालला होता. माझ्या हातात कागद पाहून त्याला वाटलं असावं की मला काही कळत असेल. त्यानं हळूच विचारलं, "भाऊसायेब, काय भाव चाललाय वो?"

मी कापडाकडं पाहिलं. वारा जोराचा होता, पण काठ जराही उचलला जात नव्हता.